घरातील सांडपाण्याची वाहिनी वारंवार तुंबते : नेमके कारण कसे शोधावे?

ओसरी (धागालेखक), ४ फेब्रुवारी

आमचे घर पुण्यात कर्वेनगर भागात, १९८३ साली बांधलेल्या बारा बंगल्यांच्या एका छोट्या सोसायटीत आहे. गेल्या दोन वर्षांत घराची सांडपाण्याची वाहिनी सात वेळा तुंबली. पहिल्या दोन खेपांना मी ते मनावर घेतले नाही, परंतु तिसऱ्या वेळेपासून वहीत तारखा लिहू लागलो. त्या तारखा पाहिल्या की दर दोन तुंबण्यांमधले अंतर सहा ते दहा आठवड्यांचे दिसते.

रचना अशी आहे. दोन्ही शौचालयांचा मैला चार इंची पाइपाने घरामागच्या पहिल्या चेंबरमध्ये येतो. स्वयंपाकघराचे आणि न्हाणीघरांचे पाणी गली ट्रॅपमधून (वाहिनीचा वास अडवणाऱ्या, पाणी साठून राहणाऱ्या बाहेरच्या कुंडीतून) त्याच चेंबरला मिळते. तेथून सहा इंची चिनी मातीचा पाइप बाजूच्या बोळातून दुसऱ्या चेंबरपर्यंत, आणि तेथून अंगणाखालून सुमारे पंधरा मीटर अंतरावरच्या, फाटकाजवळच्या तिसऱ्या चेंबरपर्यंत जातो. पुढे तो महापालिकेच्या वाहिनीला जोडलेला आहे. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी रस्त्यावरचे झाकण उघडून पाहिले असून त्यांची वाहिनी मोकळी आहे.

तुंबण्याच्या आदल्या दिवशी तळमजल्याच्या न्हाणीघरातील नहाणी ट्रॅपमधून (फरशीवरचे पाणी जाळीखाली जेथे जाते त्या भांड्यातून) गुडगुड आवाज येतो, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर कोणी अंघोळ केली की तेथे घाण पाणी वर येते. तळमजल्यावर माझी ८२ वर्षांची आई राहते. डिसेंबरमध्ये ती पहाटे उठली तेव्हा न्हाणीघरात घोट्याएवढे पाणी होते. ती पडली नाही हे आमचे नशीब, पण त्या दिवसापासून मला रात्री झोप लागत नाही.

दरवेळी दोन माणसे बांबूच्या कामट्या घेऊन येतात, तासाभरात पाणी निघून जाते, आम्ही पैसे देतो आणि प्रश्न तेथेच राहतो. एकाच्या सल्ल्याने आम्ही कित्येक वर्षे दर महिन्याला ट्रॅपमध्ये ॲसिडही ओतत आलो. आता ठेकेदार संपूर्ण अंगण खोदून सगळा पाइप बदलावा असे म्हणतो. तो खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे शोधण्याचा काही मार्ग आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चेंबरच्या मध्ये, पाइपापासून चार-पाच फुटांवर, आईने लावलेला उंबर आहे, हेही नोंदवून ठेवतो.

लेव्हलपट्टी, ४ फेब्रुवारी

मी स्थापत्य अभियंता म्हणून मलनिःसारणाच्या कामांवर एकतीस वर्षे काढली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपण तारखा नोंदवल्या हे फार चांगले केलेत. घरातून एखादी वस्तू पाइपात गेली, तर पाइप एकदा तुंबतो, वस्तू निघाली की प्रश्न मिटतो. ठरावीक अंतराने तुंबणारा पाइप वेगळी गोष्ट सांगत असतो. अडथळा आपल्या जागी कायम आहे, दरवेळी त्यातून फक्त वाट पाडली जाते, आणि ती वाट पुन्हा बुजायला सहा ते दहा आठवडे लागतात. म्हणजे आपण सातही वेळा साफसफाईचे पैसे दिलेत, दुरुस्ती मात्र एकदाही झालेली नाही.

पहिला शोध फुकट आहे. पुढच्या वेळी पाणी तुंबेल तेव्हा कोणालाही कामट्या घालू देण्यापूर्वी तिन्ही चेंबरची झाकणे उघडून फक्त पाहा. घराकडून फाटकाकडे जाताना भरलेल्या चेंबरांपैकी शेवटचे आणि त्यापुढचे पहिले कोरडे चेंबर यांच्यामध्ये दोष असतो. तिन्ही चेंबरे रिकामी असून घरात पाणी साचत असेल, तर दोष घरातल्या पाइपात किंवा ट्रॅपमध्ये आहे. तिन्ही भरलेली असतील, तर तिसऱ्याच्या पुढे पाहावे लागेल. एवढी साधी तपासणी न करता अंगणे खोदलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

आता ॲसिडविषयी, आणि हे मी कळकळीने सांगतो. चिनी मातीच्या पाइपाला आतून काचेसारखा लेप असतो, त्याला ॲसिडाने काही होत नाही. परंतु हे पाइप साधारण ६० सेंटिमीटर लांबीचे असतात आणि त्यांचे सांधे डांबरात भिजवलेली तागाची दोरी ठासून वर सिमेंटचा मसाला भरून केलेले असतात. सिमेंटला ॲसिड खाते. आपल्या पंधरा मीटरच्या टप्प्यात असे सुमारे पंचवीस सांधे आहेत. सांधा झिजला की ओल बाहेर येते, आणि जेथे ओल असेल तेथे उंबराची मुळे पोहोचतात. केसासारखे बारीक मूळ आत शिरते, आत त्याला पाणी आणि खत दोन्ही अखंड मिळते, आणि काही महिन्यांत त्याची शेपटीसारखी जुडी तयार होते. त्या जुडीत कागद, केस आणि मैला अडकतो. कामटी त्या जुडीला भोक पाडते, तिला काढत नाही. आपल्याकडे हेच घडले आहे असे मी पाहिल्याशिवाय म्हणणार नाही, पण माझा पहिला संशय तोच आहे.

बोरू, ५ फेब्रुवारी

मग उंबर काढून टाकणे हाच सोपा मार्ग नाही का? आमच्या शेजाऱ्यांनी पिंपळ काढला होता.

लेव्हलपट्टी, ५ फेब्रुवारी

शहरात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मूळ हे अखंड, न गळणाऱ्या पाइपात शिरत नाही, ते गळतीकडे येते. झाड काढले आणि गळका सांधा तसाच ठेवला, तर सांडपाणी जमिनीत मुरत राहील, पाइपाखालची माती वाहून जाईल, पाइप खचेल आणि त्याच्या खोलगट भागात गाळ साचून तो पुन्हा तुंबेल. दोष सांध्याचा आहे, झाडाचा नाही.

माजघर, ६ फेब्रुवारी

मी ठाण्यातील एका सात मजली इमारतीच्या सोसायटीची सचिव आहे. आमच्याकडे झाड नव्हते, तरी तळमजल्यावरच्या एका कुटुंबाने चार वर्षे हाच त्रास सोसला. सात मजल्यांच्या स्वयंपाकघरांचे पाणी ज्या डाउनटेकने (उभ्या पाइपाने) खाली येते, त्याच्या तळाच्या वळणावर पांढरट, साबणासारखा कठीण थर जमलेला होता. तळणीचे तेल, तूप, साय गरम असताना पातळ असते. खाली पोहोचेपर्यंत ते थंड होऊन पाइपाला चिकटते, आणि पाण्यातला चुना त्याला घट्ट करतो. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागाखाली सापडलेला सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा गोळा अशाच चरबीचा आणि ओल्या टिश्यूंचा (वेट वाइप्सचा) होता. आमचा थर हातभर होता, पण सात घरांना अडवायला तो पुरेसा ठरला.

ॲसिडाप्रमाणेच कॉस्टिक सोड्याविषयीही सावध राहावे. तो पाण्यात पडताच प्रचंड उष्णता निर्माण होते आणि तो अंगावर उडाल्यास डोळे जाऊ शकतात. पाणी साचलेले असताना तो तळाशी तसाच बसून राहतो आणि नंतर काम करायला आलेल्या माणसाचे हात भाजतात. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या ठिकाणी ॲसिड ओतले, तर क्लोरीन वायू निघतो. आमच्या इमारतीत एका ताईंना यामुळे रुग्णालयात न्यावे लागले होते, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या लक्षात फार उशिरा आली. अलीकडे बरीच घरे गणपतीचे विसर्जन घरीच बादलीत करतात, आणि ते चांगलेच आहे. परंतु विरघळलेली शाडू माती न्हाणीघरात ओतली, तर ती वाहून जात नाही. ती ट्रॅपच्या आणि चेंबरच्या तळाशी बसते आणि सुकल्यावर विटेसारखी होते. आमच्याकडे सलग दोन वर्षे अनंत चतुर्दशीनंतरच्या पंधरवड्यात पाणी तुंबले तेव्हा ही सांगड लागली. आता बादली दोन दिवस स्थिर ठेवतो, वरचे निवळ पाणी झाडांना घालतो आणि खालची माती सुकवून मूर्तिकाराकडे परत देतो. शाडू पुन्हा वापरता येते.

खर्च कोणी करायचा यावरून आमच्याकडे पुष्कळ वाद झाले. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक मलवाहिन्यांची देखभाल संस्थेच्या खर्चाने करायची असते. पाणी ज्याच्या घरात चढते त्याच्यावर तो खर्च टाकणे अन्यायाचे आहे, कारण तळमजल्याचा सभासद बहुधा वरच्या सगळ्यांचे सोसत असतो.

ओसरी, २१ फेब्रुवारी

काल पुन्हा तुंबले, आठव्यांदा. या वेळी मी प्रथम झाकणे उघडली. पहिले आणि दुसरे चेंबर काठोकाठ भरलेले होते, आणि फाटकाजवळचे तिसरे पूर्ण कोरडे. म्हणजे दोष उंबराजवळच्या त्या पंधरा मीटरमध्येच आहे. दोन वर्षे जे कळले नाही ते दहा मिनिटांत कळले. लेव्हलपट्टी काका, आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे समजत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र मन अस्वस्थ आहे. कामट्या या वेळी अडकल्या, तेव्हा ठेकेदार म्हणाला की दुसऱ्या चेंबरमध्ये मुलगा उतरवतो, तो हाताने ओढून काढील. चेंबर पाच फूट खोल आहे. तो मुलगा विशीतला असेल, चपला काढून तो तयारही झाला होता. मी नको म्हणालो आणि त्यांना त्यांची मजुरी देऊन परत पाठवले. शेजारी म्हणाले की एवढ्याशा चेंबरने काय होते, आपण उगाच काम लांबवले. मी योग्य केले ना?

पाणवठा, २१ फेब्रुवारी

आपण अगदी योग्य केलेत. मी मुंबईत सफाई कामगारांच्या कुटुंबांसोबत काम करते, आणि आपल्या शेजाऱ्यांचे वाक्य मी ज्या घरांत ऐकले आहे ती घरे आज कर्त्या माणसाविना आहेत.

तुंबलेल्या चेंबरमध्ये सडणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. थोड्या प्रमाणात असताना त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे आत वायू नाही’ हा समज जीवघेणा आहे. वर तुंबलेले पाणी असताना आतला गाळ ढवळला की कोंडलेला वायू एकदम सुटतो. पहिला माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. पाच फूट खोली त्याला पुरेशी आहे.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ७ प्रमाणे गटार किंवा मलटाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामाला लावणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हा कायदा खासगी घरांना आणि सोसायट्यांनाही लागू आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खासगी सोसायटीची मलटाकी साफ करताना तीन कामगार मरण पावले. त्यांच्या पत्नींना दहा-दहा लाख रुपयांची भरपाई मिळण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूंसाठीची भरपाई तीस लाख रुपये केली. माणूस परत येत नाही, ही गोष्ट मात्र कोणत्याही निकालाने बदलत नाही.

यंत्राने सफाई मागवण्यासाठी १४४२० हा मदत क्रमांक आहे. जेटिंगची (जोराच्या दाबाने पाणी मारून वाहिनी मोकळी करणारी) गाडी किंवा फिरत्या पात्याचे स्प्रिंग मशीन जमिनीवर उभे राहून चालवता येते, कोणालाही आत उतरावे लागत नाही. गाडी येईपर्यंत घरातले पाणी वापरणे थांबवावे, आणि तेवढे दिवस आईंची सोय दुसरीकडे करता आली तर पाहावे.

कातळ, २३ फेब्रुवारी

आम्ही रत्नागिरीजवळ राहतो, येथे मलवाहिनी नाही, मलटाकी आणि शोषखड्डा आहे. आमच्याकडेही वाहिनी दर पावसाळ्यात तुंबते असे वाटायचे, म्हणून पाइप दोनदा उकरला, आणि दोन्ही वेळा तो स्वच्छ निघाला. खरे कारण असे होते की आषाढात जमिनीतले पाणी वर येते, शोषखड्डा भरतो, आणि टाकीतून पाणी बाहेर जायला जागाच उरत नाही. त्यात टाकी अकरा वर्षे उपसलेली नव्हती, ती साधारण तीन वर्षांनी उपसायला हवी. ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांनी पाइपावर संशय घेण्याआधी टाकीचे झाकण उघडून पातळी पाहावी, मात्र टाकीत वाकून डोकावू नये आणि जवळ पेटती काडी नेऊ नये.

लेव्हलपट्टी, २३ फेब्रुवारी

ओसरी, आता खोदण्यापूर्वी आणखी एक पायरी राहिली. जेटिंगने पाइप मोकळा करून घ्या आणि लगेच, पुन्हा काही साचण्याआधी, कॅमेरा घालून तपासणी करून घ्या. लवचिक केबलच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो, आणि किती मीटरवर काय आहे हे पडद्यावर दिसते. चित्रण स्वतःकडे मागून घ्यावे. कॅमेरा मिळाला नाही, तर जुनी पद्धतही उत्तम चालते. एका चेंबरमध्ये दिवा आणि दुसऱ्यात आरसा धरावा. पाइप सरळ आणि मोकळा असेल तर आरशात पूर्ण गोल दिसतो, पाइप खचला असेल तर तो गोल ग्रहण लागल्यासारखा कापलेला दिसतो. नव्या पाइपासाठी चेंडूची कसोटी असते. पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटर लहान, गुळगुळीत चेंडू वरच्या टोकातून सोडला की तो आपोआप खालच्या टोकाला बाहेर आला पाहिजे.

उताराविषयी आमच्या पिढीचा ठोकताळा असा की चार इंची पाइपाला चाळीसास एक (म्हणजे चाळीस मीटर लांबीत एक मीटर उतार) आणि सहा इंचीला साठास एक. आपल्या पंधरा मीटरला त्या हिशेबाने २५ सेंटिमीटरचा फरक हवा. तेवढा मिळत नसेल तर ऐंशीस एक चालेल, पण सहा इंचीला शंभरास एकपेक्षा सपाट ठेवू नये. पाण्याचा वेग सेकंदाला ६० सेंटिमीटरच्या खाली गेला की मैला मागे राहू लागतो. गवंड्याच्या नजरेवर उतार सोडू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घ्या, आणि दर तीन मीटरवर खुंटी ठोकून त्यावर आकडा लिहा.

ओसरी, २ मे

काम संपल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

कॅमेऱ्यात दोन दोष दिसले. तिसऱ्या चेंबरपासून सुमारे पाच मीटरवर, उंबराच्या समोर, लागोपाठच्या दोन सांध्यांतून मुळांची जुडी आत आलेली होती. तिच्यामुळे पाइपाचा निम्म्याहून अधिक भाग भरलेला होता. दुसरा दोष आमच्या कोणाच्याच मनात नव्हता. दहा मीटरवर, जेथे आम्ही पंधरा वर्षांपासून मोटार उभी करतो, तेथे पाइप खचून त्याला पोट आले होते आणि त्यात पाणी कायम साचलेले होते. केवळ मुळे कापली असती, तर त्या पोटात गाळ साचतच राहिला असता.

त्यामुळे हा पंधरा मीटरचा टप्पा पूर्ण बदलला, पण बाकीच्या वाहिनीला हात लावावा लागला नाही. ठेकेदाराने सांगितलेल्या खर्चाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात काम झाले. जमिनीखालच्या मलवाहिनीसाठी मिळणारा जाड पीव्हीसीचा १६० मिलिमीटरचा पाइप घेतला. तो सहा मीटर लांबीचा मिळतो, म्हणजे जेथे पंचवीस सांधे होते तेथे आता रबरी कड्यांचे दोनच सांधे आहेत. अखंड लांबी उंबरासमोर येईल अशी मांडणी केली, त्यामुळे झाडाजवळ सांधाच नाही. उपलब्ध फरक १९ सेंटिमीटर मिळाला, म्हणजे उतार ऐंशीस एकच्या जवळ बसला. पाइपाखाली आणि भोवती वाळू भरली, मोटारीच्या जागेखाली त्याला काँक्रीटचे कवच दिले. खोदताना उंबराची जाड मुळे तोडू दिली नाहीत, फक्त बारीक मुळे छाटली. आई रोज खुर्ची टाकून तेथे बसत असे.

चेंबर साफ झाल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. दुसऱ्या चेंबरच्या तळाला अर्धगोल पन्हळच नव्हती, तळ सपाट होता आणि मैला कोपऱ्यांत पसरून बसत होता. ती पन्हळ आता सिमेंटमध्ये करून घेतली.

माजघर, ३ मे

वाचून फार बरे वाटले. एक विचारते, गच्चीचे पावसाचे पाणी कोठे जाते हे आपण पाहिले आहे का? पाइप नवा असला तरी त्यात पागोळीचे पाणी शिरत असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात तळमजल्यावर पुन्हा पाणी चढेल. आमच्याकडे तसे झाले होते.

ओसरी, ५ मे

आपण विचारले म्हणून काल गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतून पाहिले, आणि ते थेट गली ट्रॅपमध्ये आले. कधीतरी कोणीतरी सोयीसाठी तो पाइप तेथे वळवला असावा. पावसाला महिनाभर आहे, तेवढ्यात तो वेगळा करून बागेतल्या खड्ड्याकडे नेतो. आमच्या रस्त्याची पातळी दरवेळच्या डांबरीकरणाने वाढत गेली आहे आणि तळमजला आता रस्त्यापेक्षा खाली आहे, म्हणून तिसऱ्या चेंबरआधी एकमार्गी झडप बसवावी का, हेही लेव्हलपट्टी काकांनी सांगावे.

लेव्हलपट्टी, ५ मे

तळमजला रस्त्याच्या खाली असेल, तर बसवावी. परंतु ती वेगळ्या लहान चेंबरमध्ये, झाकण उघडून हात पोहोचेल अशी बसवा, आणि दर तीन महिन्यांनी तिचे पाते धुऊन घ्या. एखादा चिंध्यांचा तुकडा पात्यात अडकला की ती उघडी राहते, आणि आपण मात्र ती आहे या भरवशावर निश्चिंत असता.

ओसरी, ९ ऑक्टोबर

पावसाळा संपला. गच्चीचा पाइप जूनच्या आधीच वेगळा केला, झडप बसवली आणि दोनदा धुतली. फेब्रुवारीनंतर एकदाही पाणी तुंबलेले नाही. परवा तिन्ही झाकणे उघडून पाहिली, तिन्ही पन्हळींतून पाणी वाहत होते.

नव्या पाइपाचा नकाशा, खुंट्यांचे आकडे, सांध्यांची अंतरे आणि कॅमेऱ्याचे चित्रण यांच्या दोन प्रती केल्या आहेत, एक घरात आणि एक सोसायटीच्या दप्तरात. बाकीच्या अकरा बंगल्यांचे पाइपही त्याच वर्षीचे आणि त्याच मातीचे आहेत. त्यांपैकी चार घरांनी पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्याची तपासणी एकत्र ठरवली आहे. ती झाली की काय दिसले ते येथे लिहीन.